सलूनच्या टाकीतली विहीर

पल्लवी एस.टी.तून उतरली ती एक काळी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून. तिच्या मागं तिच्या वर्गातला दिपक उतरला. त्याच्या खांद्यावर तीन पायांचं स्टँड होतं. मोजणीदार आले की असंच स्टँड घेऊन येतात, म्हणून पारावरची दोन-चार माणसं लगेच उठून उभी राहिली.

"जय भीम, आबा. पिशवीला हात लावू नका," माझी नात मला म्हणाली. तीन महिन्यांनी भेटत होती.

पिशवीत कॉलेजचा कॅमेरा होता. पल्लवी नांदेडला पत्रकारिता शिकत होती आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांनी प्रत्येकी दहा मिनिटांची एक फिल्म करून द्यायची होती. कॅमेरा सोमवारी अकरा वाजता परत करायचा. आज शनिवार. एप्रिल महिना, साल २००६.

फिल्म माझ्यावर होती. माझ्यावर म्हणजे माझ्या जुन्या धंद्यावर. मी जळबा. जवळा बाजार ते सिद्धेश्वर या पट्ट्यातल्या शेतातल्या विहिरींमध्ये मी चाळीस वर्षं बुड्या मारल्या. कुणाची घागर पडली, कुणाच्या मोटारीचा पाइप सुटला, कुणाची बादली दोरासकट गेली, की माणूस माझ्या दारात. एकदा एक सायकलही काढली. ती विहिरीत कशी गेली हे मालकानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. गावच्या पाण्याच्या विहिरीला आम्हाला हात लावू देत नसत त्या काळात शेतातल्या विहिरीच्या तळाला मात्र मीच लागायचो.

मी खाली, आणि वर दोर धरून सोजरा. सोजराबाई माझी बायको. दोराचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं तिच्या हाताला दोन वेढे देऊन. मी बुडी मारली की ती मोजायची. तिला त्या वेळी विसापर्यंतच आकडे येत. वीस झाले की एक बोट दुमडायची, त्याला ती एक इसा म्हणायची. तीन इसा झाल्या की दोर ओढायचा, असं आमचं ठरलेलं.

आता दोन गोष्टी सांगतो, म्हणजे मी त्या दोन दिवसांत एवढी पळापळ का केली ते कळेल. एक, माझा दम गेला. परभणीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून सांगितलं की आता अंघोळीपुरतं पाणी पुरे. दुसरी गोष्ट, पाण्याखाली कसं दिसतं ते मी सोजराला चाळीस वर्षं सांगत आलो आणि तिनं एकदाही खरं मानलं नाही. मी म्हणायचो, अगं, दुपारचं ऊन खाली उतरतं तेव्हा उजेडाचा खांब उभा राहतो, हिरवा-पिवळा. ती म्हणायची, "खाली काय अस्तंय? गाळ अस्तो. धुणं धुताना मला दिस्तो की तुमच्या धोतरात."

म्हणून पल्लवीनं पाण्याखालचं चित्र काढणार असं पत्र पाठवलं, तेव्हापासून मी दिवस मोजत होतो. सोजराला एकदा दाखवायचं, बस. माझं फिल्ममध्ये एवढंच काम होतं.

"पण कोणत्या विहिरीत?" मी विचारलं. "मळ्यातली बुजवली. सिद्धेश्वरच्या धरणावर रखवालदार काठी घेऊन बसतो."

"विहिरीत नाही आबा. घरातच. कॅमेऱ्याला एक थेंब लागला तर मला कॉलेजातून काढतील. सरांनी युक्ती सांगितलीय. काचेची टाकी घ्यायची, मासे ठेवतात ती. तिच्यात पाणी भरायचं. अलीकडं कॅमेरा, पलीकडं दिपक. पाण्यातून बघितलं की दिपक पाण्यात असल्यासारखा दिसतो."

"म्हंजी बुडी मारणारा कोरडा?"

"कोरडा."

दिपकच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा रंग आला. तो औंढ्याच्या बाजूच्या तांड्यातला. उंच, काटक, केसांना काहीतरी चोपडून उभे केलेले. अंगानं तो माझ्या तरुणपणासारखा दिसतो असं पल्लवीचं म्हणणं होतं.

"पवता येतं का रं?" मी विचारलं.

"आबा, खरं सांगू? मला नळाखाली डोकं धरलं तरी घाबरायला होतं."

"बराबर माणूस आणलास," सोजरा नातीला म्हणाली आणि भाकरी थापायला आत गेली.

टाकी जवळा बाजारात एकाच ठिकाणी होती, रामजीच्या सलूनात. दाढी करताना गिऱ्हाइकाला बघायला काहीतरी पाहिजे म्हणून त्यानं ती ठेवली होती. तिच्यात एकच मासा होता, नारंगी. बाकीचे एकामागून एक गेले होते. मी रामजीला सगळं समजावून सांगितलं. तो वस्तरा चामड्यावर घासत ऐकत राहिला.

"न्या," तो म्हणाला. "पण दोन वस्तू परत पाहिजेत जळबाभाऊ. एक जिती आन् एक न फुटलेली. अदलाबदल चालणार न्हाई."

टाकी मी मांडीवर घेतली, मासा घागरीत घालून दिपकनं धरला, आणि आम्ही रिक्षातून गावाला आलो. वाटेत प्रत्येक खड्ड्याला दिपक घागरीत डोकावून "हाय, हाय" म्हणायचा.

आमचं घर माळवदाचं, मातीच्या छताचं. मधल्या खोलीच्या छताला एक झरोका आहे. एप्रिलमध्ये दुपारी बाराच्या सुमाराला त्यातून ऊन सरळ खाली उतरतं आणि अर्धा-पाऊण तास जमिनीवर ताटाएवढा उजेड पडतो. मग तो सरकत भिंतीवर चढतो आणि जातो. पल्लवीनं घरात पाऊल टाकल्याबरोबर तो बघितला.

"आबा, ही तर विहीरच आहे."

मला हे इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. मी त्या उजेडाखाली हात धरून उभा राहिलो.

टेबल बरोबर त्या उजेडात ठेवलं, टेबलावर टाकी. टाकीच्या मागं सोयाबीनच्या पोत्यांच्या दोन थप्प्या, एक उंच, एक बुटकी, त्यांवर उतरती फळी. फळीवर दिपकनं पालथं पडून हातपाय मारत खाली सरकायचं. फळी दिसू नये म्हणून तिच्यावर आणि मागच्या भिंतीवर हिरवं काहीतरी पाहिजे होतं. हिरवं काहीतरी म्हणजे सोजराची दोन लुगडी.

"एक घ्या," ती म्हणाली.

"आजी, एक पुरत नाही."

"मग हिरीचा वरचा भाग निळा करा. निळं जुनं हाय."

शेवटी दोन्ही हिरवी मिळाली, पण दिपकनं अंगाला तेल लावायचं नाही या अटीवर.

सगळं मांडून झालं. दिपक माझ्या जुन्या लंगोटासारखं काहीतरी नेसून फळीवर पालथा पडला. पल्लवीनं कॅमेरा चालू केला आणि त्याची बारकी काच उघडून मला दाखवली. मी डोळे बारीक करून बघितलं.

लुगड्यावर एक पोरगं लोळून राहिलं होतं. पाणी कुठंच नव्हतं.

"पाणी दिसतच नाही," पल्लवी म्हणाली.

"कसं दिसंल?" मी म्हणालो. "हापशाचं पाणी हाय, सोच्छ. पाणी दिसत नसतं बाई. पाण्यात जे तरंगून राहिलेलं अस्तंय ते दिस्तंय."

"मग मासा सोडू?" दिपक फळीवरून म्हणाला.

मासा सोडला. तो थेट काचेजवळ आला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून थांबला. बारक्या काचेत त्याचं तोंड दिपकच्या डोक्याएवढं दिसत होतं. दोघंही तोंड उघडून होते. पल्लवी हसता हसता खाली बसली.

"आमच्या हिरीत मरळ अस्तो," मी म्हणालो. "नारंगी मासा मी चाळीस वर्सांत पाहिला न्हाई. हा सलूनातला हाय हे कोणीबी सांगंल."

मासा परत घागरीत गेला. मी शेतातून टोपलंभर काळी माती आणली. दिपकनं उत्साहानं दोन मुठी टाकल्या आणि टाकीत काळ्या चहासारखं झालं. आता पाणी दिसत होतं, दिपक दिसत नव्हता. ते सगळं पाणी तांब्यातांब्यानं उपसून अंगणातल्या लिंबाला घातलं. परत भरलं. या वेळी मी कोणाला हात लावू दिला नाही. माती फडक्यात बांधली आणि फडकं पाण्यात बुडवून हळूहळू पिळलं. थोडं पिळायचं, थांबायचं, बघायचं. वैशाखात विहीर अर्ध्यावर येते तेव्हा तिला जो रंग असतो, तो मला पाहिजे होता. तो यायला तासभर लागला.

"हां," मी म्हणालो. "ह्यो."

मागं वळून बघतो तर उजेड टाकीवरून उतरून भिंतीवर गेला होता.

"उद्या बारा वाजता," पल्लवी म्हणाली. "सगळं असंच ठेवा. कुणी काही हलवू नका. आबा, पाणी राहील ना असंच?"

"बारीक माती हाय. दोन दिवस खाली बसत न्हाई."

हे मी माझ्या अनुभवावरून सांगितलं होतं. विहिरींना बायको नसते हे माझ्या लक्षात आलं नाही.

रविवारी सकाळी मी उठून मधल्या खोलीत गेलो. टाकीतलं पाणी आरशासारखं झालं होतं. तळाशी बोटभर गाळ, आणि वर असं स्वच्छ पाणी की पलीकडच्या लुगड्याची वीण मोजावी. मी पल्लवीला हाक मारली. ती धावत आली, बघितलं आणि तिनं कपाळाला हात लावला.

सोजरा चुलीपुढून म्हणाली, "काय झालं?"

"पाणी काहून असं झालं?"

"म्या केलं. पहाटं उठले तर गढूळ पाणी घरात. तुरटी फिरवली, चार येळा."

"काहून?" मी ओरडलो.

"काहून म्हंजी? गढूळ पाणी दिसलं की तुरटी फिरवायची. पाण्याचं दुसरं काय करत अस्तेत? लेकरं रातभर तसंच ठेवून झोपली, मला वाटलं इसरली."

तिचं म्हणणं बरोबर होतं. पूर्णेला पूर आला की आमच्याकडे नळालाही चहा येतो. पंचेचाळीस वर्षांत या घरात गढूळ पाणी तुरटीवाचून तासभर राहिलेलं नाही. तिचा हात आपोआप फिरतो. झोपेतही फिरत असेल.

"आजी," पल्लवी रडवेली होऊन म्हणाली, "ते गढूळच पाहिजे होतं गं."

"गढूळच पाहिजे व्हतं तर हापशाला काहून गेलात? ओढ्यावरून आणायचं." मग नातीचं तोंड बघून तिचा आवाज उतरला. "माती आन बाई. परत करू. त्यात काय."

पण तुरटीच्या पाण्यात माती टिकत नाही. ते पाणी बदलायचं तर टाकी रिकामी करून धुवायची, आणि हापशावर रविवारची रांग. तोवर बारा वाजणार. शिवाय बाराला लाइट जाणार होती ती सहापर्यंत. म्हणजे पाण्यात हलतात तसे दिपकचे केस हलवायला जो पंखा आणून ठेवला होता तोही गेला. उजेड जमिनीवर यायला लागला होता. पैशाएवढा, मग पोळीएवढा.

"हाय तेच ढवळू," मी म्हणालो. "दुसरं काही होत न्हाई."

दिपक फळीवर पडला. पितळी घागर चित्रात पाहिजे होती, म्हणून मासा चरवीत गेला. पंख्याच्या जागी सोजरा सूप घेऊन उभी राहिली. ढवळायचं कामही तिलाच दिलं, एका हातानं सूप, एका हातानं टाकीत ढवळणं, कारण मी कॅमेऱ्याशेजारी पाहिजे होतो. बुडी कशी मारतात हे मलाच ठाऊक.

"ढवळ," पल्लवी म्हणाली. सोजरानं बाह्या सारल्या आणि तळापासून हात फिरवला. गाळ उठला. सगळी टाकी भरून गेली.

आणि मग तो खाली बसायला लागला. कालच्यासारखा नाही. तुरटीनं मातीचे कण एकमेकांना धरले होते. त्यांच्या भुरभुऱ्या पाकळ्या झाल्या होत्या, राखेसारख्या हलक्या. त्या उजेडाच्या खांबातून हळूहळू खाली येत होत्या, फिरत, थांबत, परत येत. खांब हिरवा-पिवळा उभा राहिला होता. त्याच्या पलीकडं एक काळासावळा माणूस हात पसरून खाली येत होता.

मी कॅमेऱ्याच्या बारक्या काचेला नाक लावलं.

तळाला माझा पाय लागला की असंच व्हायचं. गाळ उठायचा आणि परत बसायला लागायचा, आणि मी त्यात उभा असायचो. हे मी कुणाला सांगू शकलो नव्हतो, कारण मला हे शब्दांत कधी आलंच नाही.

"आबा? बरोबर आहे का?"

"घे," मी म्हणालो. "बोलू नको, घे."

पाच-सहा मिनिटांत सगळ्या पाकळ्या खाली बसायच्या. मग सोजरा परत ढवळायची. असं सात वेळा झालं. सूप मारून तिचा दंड दुखायला लागला तेव्हा तिनं हात बदलला. दिपक एकदा शिंकला, एकदा फळीवरून घसरला, आणि एकदा "आबा, मला खरंच गुदमरून राहिलंय" म्हणाला. पाण्याचा थेंबही लागला नव्हता त्याला.

"सोजरा, इकडं ये, बघ," मी दोनदा म्हणालो.

"मी आले तर सूप कोण मारंल? तुमी?"

ती टाकीच्या मागं होती. तिथून तिला फळीवर तडफडणारा दिपकच दिसत होता. मी धीर धरला. सहा वाजता लाइट येईल, टीव्ही लागेल.

शेवटचं चित्र घ्यायचं राहिलं होतं. बुडी मारणारा घागरीपाशी येतो आणि ती उचलतो. दिपकनं येऊन पटकन घागर धरली.

"असं न्हाई," मी म्हणालो. "आधी थांबायचं. घागर दिसली तरी हात लावायचा न्हाई. तोंड वर करायचं, उजेडाकडं. तसंच राहायचं."

"काहून आबा? दम संपंल की."

"थोडा असतो शिल्लक."

"किती वेळ थांबू?"

"मी सांगतो तवर."

दिपक तोंड वर करून थांबला. पाकळ्या त्याच्या कपाळासमोरून खाली आल्या. सुपाच्या वाऱ्यानं त्याचे केस हळू हलत होते. मी सांगायचं विसरलो. पल्लवीनं माझ्याकडं बघितलं आणि तिनंही कॅमेरा बंद केला नाही. उजेड टाकीच्या काठाला लागला तेव्हा मी म्हणालो, "आता घे घागर."

सहा वाजून दहा मिनिटांनी लाइट आली. पल्लवीनं लाल-पिवळी वायर टीव्हीला जोडली. मी सोजराला अगदी पुढं बसवलं, तिच्या चष्म्याची काच माझ्या धोतरानं पुसून दिली. दिपक चरवीतला मासा घेऊन मागं बसला. त्यालाही बघू द्या म्हणाला.

टीव्हीवर उजेडाचा खांब उभा राहिला.

पाकळ्या पडायला लागल्या, सोजरा पुढं सरकली. मग बुडी मारणारा आला, वरून खाली, हात पसरून. दिपक आहे हे तिला ठाऊक होतं, तिनं स्वतः त्याला वारा घातला होता, तरी तिचे हात मांडीवर आवळले. मी टीव्हीकडं बघतच नव्हतो, तिच्याकडं बघत होतो. चाळीस वर्षांनी ती खाली आली होती.

तो घागरीपाशी आला. थांबला. तोंड वर केलं.

सोजराचा अंगठा हलायला लागला. बोटांच्या पेरांवरून फिरत होता. एक बोट दुमडलं. तो अजून वर बघत होता. दुसरं बोट दुमडलं.

"ह्यो घागर काहून उचलून न्हाई राहिला?" ती म्हणाली.

"बघतोय आजी," पल्लवी म्हणाली.

तिसरं बोट दुमडलं. "अगं, तीन इसा झाल्या! ओढा की त्याला! काय बघतोय मेला?"

"उजेड बघतोय. आबानंच शिकवलं त्याला. घागर दिसली तरी हात लावायचा नाही, आधी उजेड बघत थांबायचं म्हणाले."

सोजरानं मान फिरवून माझ्याकडं बघितलं. मला एकदम कळलं की मी काय करून बसलो.

"तुमी मला सांगायचे," ती सावकाश म्हणाली, "घागर रुतली व्हती."

"कधीकधी रुतायची बी."

"पाइप अडकला व्हता. बादली कपारीत गेली व्हती. दर डाव उशीर. दर डाव मी दोर वढायची तवा कुठं वर यायचे, आन् म्हणायचे, रुतली व्हती."

"सोजरा..."

"लालसिंगच्या हिरीवर चार इसा झाल्या. दोर वढला तर येईना. मी बोंब मारली, माणसं पळत आली. मी रडले व्हते चारचौघांत. आठवतंय?"

"आठवतंय."

"काय रुतलं व्हतं तवा?"

खोलीत मासाच काय तो हलत होता. मला खोटं सुचलं असतं, पण टीव्हीवर दिपक अजून वर तोंड करून थांबलेला होता.

"मरळीची पिल्लं व्हती," मी म्हणालो. "उजेडात फिरून राहिली व्हती. लई बारीक. दोराचा मी कपारीला एक वेढा दिला व्हता, तू वढू नये म्हणून. जरा वेळ."

दिपकनं श्वास आत घेतल्याचा आवाज आला. पल्लवीनं तोंडावर हात ठेवला, हसायला की कशाला कळलं नाही.

"पिल्लं," सोजरा म्हणाली. "मी वर पांढरंफटक तोंड करून बसलेली, आन् हे खाली पिल्लं बघून राहिले."

मी चपला कुठं आहेत ते आठवत होतो.

"परत लाव गं," ती पल्लवीला म्हणाली.

पल्लवीनं परत लावलं. सोजरानं पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितलं. या वेळी बोटं दुमडली नाहीत. मग आणखी एकदा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर ती उठली, पदर झटकला.

"सांगत व्हते तसंच हाय," ती म्हणाली. माझ्याकडं न बघता म्हणाली, आणि भाकरी टाकायला गेली. माझ्या ताटात त्या दिवशी कोरड्यास आलं नाही, नुसती भाकरी आली. कांदा मी स्वतः फोडला.

सोमवारी पहाटे उजाडायच्या वेळी पल्लवी पिशवी भरत होती. साडेसातची एस.टी. होती. टाकी मी आदल्या संध्याकाळीच धुऊन पुसून ठेवली होती. मासा आणि टाकी नेऊन द्यायला मी जवळ्यापर्यंत त्यांच्याबरोबर जाणार होतो.

सोजरा माळ्यावरून काहीतरी ओढत आली. जुना दोर होता, अंबाडीचा, माझ्या बुड्यांचा. कधीच टाकून दिला असेल असं मला वाटत होतं.

"तुझ्या त्या डब्यात अजून जागा हाय का?" तिनं नातीला विचारलं.

"कॅसेटमध्ये? चारेक मिनिटं असेल आजी. काहून?"

"मग वरचं बी घे. खालचंच घेतलंस. वर कोणी बसलं व्हतं का न्हाई?"

पल्लवीनं पिशवी परत उघडली. दिपकनं स्टँड उंबऱ्याबाहेर लावलं. सोजरा उंबऱ्यावर बसली, पाय दारच्या चौकटीला टेकवून, जशी ती विहिरीच्या काठाला दगडाला टेकवून बसायची. दोराचे दोन वेढे हाताला घेतले. विहीर नव्हतीच, म्हणून दुसरं टोक घरात टाकलं.

"मोकळा दोर असा लोंबतो, तो खरा वाटत नाही आजी," पल्लवी कॅमेऱ्यातून बघत म्हणाली. "टोकाला काहीतरी जड पाहिजे."

सोजरानं माझ्याकडं बघितलं.

मी दोर कमरेला बांधला. गाठ तीच, हाताला अजून येत होती. मधल्या खोलीत जाऊन झरोक्याखाली बसलो. उजेड अजून आला नव्हता, वर नुसतं आभाळाचं एक ताट दिसत होतं. मी तोंड वर करून बसलो. दाराकडून मोजण्याचा आवाज यायला लागला. तिला मोजताना मी कधी ऐकलं नव्हतं. खाली ऐकू येत नाही. हलक्या आवाजात, घाईनं, एकावर एक आकडे पडत होते आणि मधेच श्वास घ्यायला ती थांबत होती.

मला तीन इसांचा हिशेब माहीत होता. साठ आकडे. भरपूर वेळ होता, म्हणून मी मांडी घालून निवांत बसलो.

तिनं विसावरच ओढलं. पुऱ्या ताकदीनं. मी फरफटत उंबऱ्यापाशी आलो, एक कोपर खरचटलं, आणि कॅमेरा बंद व्हायच्या आत तिचं तोंड माझ्या तोंडावर वाकलं.

"काय रुतलं व्हतं?" ती म्हणाली.